कानानं तपासलेला

३ मार्च, सोमवार

शिक्षिकाबाईंना विकलेला सेकंडहँड कॅमेरा परत आला. तो खरा केवढ्याला पडला ते मांडून ठेवतो. किंमत परत. वर एक बरा कॅमेरा फुकट. दोनदा चहा. तासभर रडणं ऐकून घेतलं – तेही भर दुकानात. गिऱ्हाइकं उभी होती, ती काही न घेता निघून गेली. सगळ्यात महाग ते पडलं.

झालं काय, तर बाईंनी आजारी वडिलांना दवाखान्यातून बागेत आणलं आणि भर उन्हात बाकावर बसवून फोटो काढले. आठवड्यात वडील गेले. फोटो बघितले तर पांढरेफटक. बाक दिसतो, वडिलांच्या जागी नुसता उजेड.

या छोट्या कॅमेऱ्यांत भिंगामागे नखाएवढी काळसर काच असते, बारीक दांडीवर बसवलेली. फिल्टर. ऊन फार झालं की टिक् करून आडवी येते, माणूस गॉगल लावतो तशी. ती अडकली की उन्हातले फोटो गेले. म्हणून आमची रीत – मेहुण्यानं कॅमेरा उघडून साफ करायचा, मी दिव्यासमोर धरून बटण दाबायचं आणि कान लावायचा. टिक् आलं तरच विक्रीला. दारावर पाटीच आहे – 'प्रत्येक कॅमेरा मालकांनी स्वतः कानानं तपासलेला.' अशी पाटी लावायची दुसऱ्या कुणाची टाप नाही!

मेहुण्याला विचारलं. म्हणतो, "दाजी, त्यातली काच चिकटलेली होती. मी म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, वाजतंय."

वाजत होतंच. माझ्यानंतर यानंच परत उघडला असणार.

५ मार्च

दिवसभर तेच डोक्यात. हा आला तेव्हा पेचकस कुठल्या टोकाला धरायचा ते ठाऊक नव्हतं. दुकानावरचा माळा राहायला दिला, हाताला काम दिलं – आणि आता माझ्या कानांत खोट काढतो! फुटपाथवर चादर पसरून सुरुवात केली मी. गिऱ्हाईक भाव कुठल्या आवाजात विचारतं त्यावरून कळायचं, घेणार की नुसता चिवडणार. हे दुकान कानांवर उभं आहे. डिग्रीवर नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज गंमत केली. दुकान भरलेलं. मेहुण्याला म्हटलं, ये, तुझी परीक्षा. डोळे मिटायला लावले आणि कॅमेरा त्याच्या कानाला लावून बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही म्हणाला. मी ऐकला – स्वच्छ टिक्! दुसऱ्यालाही तेच. तोवर लोक हसायला लागलेले. तिसऱ्याला बिचारा घाबरून म्हणाला, "आला वाटतं."

म्हटलं, यात बॅटरीच नाही!

एक बाई तर हसून हसून खुर्चीत बसली. त्याचं नाव तिथल्या तिथे कानसेन ठेवलं. संध्याकाळी कुरिअरवालासुद्धा विचारत होता – कानसेन कुठे आहेत, सही हवी होती.

८ मार्च

ही बोलत नाही. जेवताना एवढंच – "हसून झालं का सगळ्यांचं?" म्हटलं, तुझा भाऊ सोडून सगळ्यांचं.

११ मार्च, मंगळवार

आणखी एक परत आला. पांढरा. मेहुण्याला काढलं. संध्याकाळपर्यंत माळा रिकामा कर म्हटलं.

वाद नाही, विनवणी नाही. टेबलावर एक चंदेरी कॅमेरा उघडा पडला होता, तो शेवटच्या स्क्रूपर्यंत जोडला, मगच उठला. जिन्यात बहीण-भाऊ कुजबुजत होते. माझ्यापासून काय लपतंय! 'ताई, तूच बघ एकदा,' असं म्हणत होता. दुसरी नोकरी बघायला सांगत असणार.

निघताना पिशवी काउंटरवर ओतायला लावली. हत्यारं अशीच जातात दुकानातून. निघालं काय – दोन शर्ट, दाढीचं सामान, सासूबाईंचा फोटो, एक चिमटी. चिमटी स्वतःची आहे म्हणाला. ठेवून घेतली. शर्ट खाली पडला तो एका गिऱ्हाइकानं उचलून, घडी घालून त्याच्या हातात दिला. त्या गिऱ्हाइकाचाच राग आला.

गादी मात्र नेऊ दिली. मी काही राक्षस नाही.

१३ मार्च

दुकान शांत आहे. बरं वाटतं. पाटीवाल्याला मोठी पाटी सांगितली. जुन्या ओळीखाली नवी ओळ – 'खोटं ठरवा आणि दुकान घेऊन जा!' पाटीवाला दोनदा म्हणाला, शेठ, विचार करा. म्हटलं, तू अक्षर चांगलं काढ.

१५ मार्च, शनिवार

ही दुकानात आली! किती दिवसांनी. मेहुण्याच्या टेबलावरचा तो चंदेरी कॅमेरा उचलून पुढे केला. "अहो, मैत्रिणीला द्यायचाय. नीट बघून द्या."

दिव्यासमोर धरला, कान लावला. टिक्. म्हटलं, ठणठणीत आहे, डोळे मिटून दे.

"परत एकदा ऐका."

ऐकला. पहिल्यापेक्षा मोठा आला. शेजारचा शिंपी गप्पा मारायला आला होता, त्यालाही ऐकवला. त्याला नाही आला. मशीन चालवून चालवून कान गेलेत त्याचे – तसं म्हणालोही, आणि तिघंही हसलो. हीसुद्धा. इतक्या दिवसांनी हसली. भावाचं दुःख ओसरलं म्हणायचं.

१६ मार्च, रविवार

सकाळी नवी पाटी लागली. दुपारी हिनं माझ्या ताटाशेजारी तिची कानातल्यांची डबी उघडून ठेवली. आत कापसावर नखाएवढी काळसर काच, दांडीसकट. चंदेरी कॅमेऱ्यातली. भाऊ गेला त्या दिवसापासून तिच्याकडेच होती.