निसारभाईचा न झालेला कागद

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

लाडक्या सुहानास अझीमचाचाचा सलाम. भाभींनाही सांग, त्या घेणार असतील तर.

हुपरीत तुम्ही दोघी खुशाल असाल असं धरून चालतो. फोन केला तर तू उचलत नाहीस. बरोबरच आहे, तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून पत्र लिहितोय. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलो, तेवढ्या पुंजीवर निभावून घेतो. शुद्धलेखन बघत बसू नकोस. आणि घरात आपण आपलं दख्खनी बोलत असलो तरी मला लिहायला येतं ते मराठीच, त्यामुळे तुझ्या अब्बाचं बोलणंही मी मराठीतच उतरवणार आहे. अर्थ बदलणार नाही, एवढा भरवसा ठेव. आता माझ्यावर कशाचा भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच, पण पुढे वाच.

इकडची खबर अशी. दुकान बरं चाललंय. कापसाच्या गाद्या आता कोण भरून घेतो? आमचा तोहिद फोमच्या आणतो आणि गिऱ्हाइकाला दहा वर्षांची गॅरंटी सांगतो. मी म्हटलं, "गादीला कसली गॅरंटी देतोस, झोपणाऱ्याला दे की." तो हसला नाही. त्याचं आणि आफशीनचं लग्न रमजान ईदनंतर धरलंय, म्हणून सध्या तो जरा तोऱ्यात असतो.

थंडी यंदा बऱ्यापैकी पडली. तुझ्या दवाखान्यात चांदीच्या कारागिरांचे भाजलेले हात येतात असं कळलं. पट्टी बांधताना त्यांना ओरडत जा, ओरडल्याशिवाय पुरुषमाणूस जखम कोरडी ठेवत नाही. भाभींचा गुडघा कसा आहे?

मंगळवारी एक शेवंताबाई म्हणून म्हातारी जुनी गादी पिंजून घ्यायला घेऊन आली. मी खोळ उसवायला घेतली आणि कोपऱ्यावर आलो तर दुहेरी गाठ. अशी गाठ कोल्हापुरात एकच माणूस मारायचा. मी दाभण खाली ठेवलं आणि बाईला म्हटलं, ही गादी अजून चांगली आहे, घेऊन जा. ती म्हणाली, "आरं बाबा, गोळं झाल्यात की तिच्यात, पाठ मोडती माझी." तिचं खरं होतं. पण त्या दिवशी माझ्या हातून ती गाठ सुटली नाही. दुसऱ्या दिवशी तोहिदनं सोडली.

बघ, चार परिच्छेद झाले आणि मी अजून गाद्याच भरतोय.

तुझा अब्बा गेल्यावर भाभी चार महिने दहा दिवस इद्दतीत बसल्या, ती संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही सामान बांधलंत. तू रिक्षात बसताना मला म्हणालीस, "चाचा, काय आठवलं तर कळवा." अडीच महिने झाले, ते वाक्य माझ्या पाठीत दाभणासारखं रुतून बसलंय. आज त्याला उत्तर देतो.

सुहाना, मला काही आठवलं नाही. मी विसरलोच नव्हतो.

आता सगळं क्रमानं सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एके दुपारी जेवणं झाल्यावर दुकानात मी आणि तुझा अब्बा, आम्ही दोघंच होतो. भाई गादीला टाके घालत होता, मी कापूस चाळवत होतो. त्याच्या छातीत मार्चपासून दुखत होतं, हे तुला माहीत आहेच. सुई न थांबवता तो म्हणाला, "अझीम, वरच्या दोन खोल्या सुहानाच्या. मी मौलानांना विचारून आलोय, तिसऱ्या हिश्श्यात बसत्यात. सुलतानबीचा, तुझ्या भाभीचा, हिस्सा तिला द्यायचा. खालचं दुकान तू आन् तोहिद चालवा. काय कमीजास्त झालं तर तू न्हाय म्हणणार न्हाईस, मला म्हाईत हाय."

हे त्याचे शब्द. यात माझा एकही नाही.

मग म्हणाला, "चल की उद्या वकिलाकडं, कागद करून टाकू."

आता मी काय म्हटलं ते ऐक. मी त्याला झापलं. म्हटलं, "मरायच्या गोष्टी करायच्या न्हाईत दुकानात. थोरल्या अब्बांचं इसरलास व्हय?" तुला ठाऊक नसेल, हे थोरले अब्बा, आमचे चुलते, वसीयतीचा कागद करून आले आणि आठव्या दिवशी गेले. तेव्हापासून आपल्या घरात कुणी तो शब्द उच्चारत नाही. कागदानं माणूस जातो म्हणे! चुलते ब्याऐंशी वर्षांचे होते, हे कुणी मोजलं नाही. भाई हसला. म्हणाला, "आरं, कागदानं मरत असती माणसं तर वकील कवाच संपलं असतं." मी म्हटलं, "बकरी ईद झाल्यावर बघू."

ईद झाली. त्यानं परत एकदा विषय काढला. मी म्हटलं, पाऊस लागलाय, कापूस आत घ्यायचाय. त्यानंतर तेराव्या दिवशी भाई गेला.

इथपर्यंत मी फक्त मूर्ख होतो. प्रेमानं मूर्ख झालो असं म्हण हवं तर, मला माझा भाऊ मरायला नको होता. पुढचं मात्र प्रेमानं झालेलं नाही.

भाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, सगळे पाहुणे बसले होते. शाहूवाडीहून तुझे मामूही आले होते. त्यांनीच विचारलं, "निसारभाईनं पोरीसाठी काय सांगून ठेवलंतं का?" तू दाराशी ट्रे घेऊन उभी होतीस. भाभी पडद्याआड होत्या. मी कपातल्या चहाकडे बघितलं आणि म्हणालो, "न्हाय. तसलं काय बोलला न्हाय."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या अब्बानं तुला सांगितलं होतं ना, की चाचाच्या कानावर घातलंय म्हणून? माझी खात्री आहे. आणि तरी तू त्या दिवशी सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं नाहीस. चाळीस दिवसांची होतीस तेव्हा शाहूवाडीहून भाभींनी तुला आणलं, त्यांच्या मेलेल्या बहिणीची पोर म्हणून. त्या दिवशी मीच म्हणालो होतो, भाईच्या घरात आता आवाज होईल. आणि सत्तावीस वर्षांनी त्याच पोरीनं माझी अब्रू राखायला तोंड मिटलं.

का बोललो तसं? तोहिदसाठी. आम्ही चौघं सदर बाजारात एका खोलीत आणि एका स्वयंपाकघरात राहतो, तू बघितलंयस. लग्न झाल्यावर आफशीनला कुठे ठेवायची? वरच्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मनात म्हटलं, सुहाना नर्स आहे, कमावती आहे, उद्या लग्न होऊन जाईल. मनाला असल्या सबबी शिकवाव्या लागत नाहीत. तुम्ही गेल्यावर आठ दिवसांत वर फोमचा माल रचला. कारण बघ, माल रचला की खोली रिकामी दिसत नाही.

मग खोल्या आणि दुकान नावावर करायला वकिलाकडे गेलो. नवव्या गल्लीत सोनम कांबळे म्हणून बाई आहेत, वयानं तुझ्याएवढ्याच. चष्म्यावरून बघतात. त्यांनी प्रतिज्ञापत्र टाईप करून पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, वाचून सही करा. न वाचता सही करणाऱ्यांवरच आमची घरं चालत्यात." मी वाचलं. चौथ्या ओळीत होतं, मयताने कोणतीही लेखी अथवा तोंडी वसीयत केलेली नाही.

मी विचारलं, "तोंडी कशाला घातलंय? तोंडी कोण धरतंय?"

"तुमच्यात धरतात की. मुसलमान माणसानं नुसतं तोंडानं सांगितलं तरी वसीयत होती. फक्त ऐकणाऱ्यानं खरं सांगायला पायजे. तो गप बसला, की संपलं."

पेन माझ्या हातातच होतं. मी म्हटलं, उद्या येतो. त्या म्हणाल्या, "उद्या न्हाय आला तरी चालंल, पण खोट्यावर सही करायला येऊ नका." बाईला काय दिसलं कोण जाणे. माझ्या तोंडावर छापलेलं असेल.

दोन दिवस दुकानात जुना कापूस पिंजत बसलो. तिसऱ्या दिवशी गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. परक्या पोरीपुढे साठीला आलेला माणूस रडला, आणि ती पाण्याचा ग्लास पुढे सरकवत राहिली. मग तिनं मला समजावलं. तुझ्या अब्बानं बँकेत तुझं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं आणि पोरीचं सगळं केलं अशा समजात तो वर्षानुवर्षं होता. नॉमिनी म्हणजे राखण करणारा, मालक नव्हे. पोटच्या पोरीला बापानं कागद केला नाही तरी तिचा हिस्सा कुठे जात नाही. पाळलेल्या पोरीला आपल्या शरियतीत वारसा नाही. तिला द्यायचं तर वसीयतच लागते, तीही तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, त्यावर द्यायचं तर बाकीच्या वारसांच्या खुशीनं. म्हणजे आपल्या सगळ्या खानदानात ज्या एका माणसासाठी कागद हवाच होता, ती तू होतीस. आणि तुझाच राहिला.

मी विचारलं, "किती वेळ लागला असता ओ त्याला?" त्या म्हणाल्या, "लिहायला एक दिवस. सहीला अर्धा तास. स्टॅम्पपेपरबी लागत न्हाय. दोन साक्षीदार आन् डॉक्टरचा दाखला घेतला असता, तर कुणाच्या बापाला हलवता आलं नसतं."

अर्ध्या तासाचं काम. मी त्याला ईदेपर्यंत थांबवलं.

सुहाना, माझा राग माझ्यावर आहेच, पण थोडा भाईवरही आहे. आता तो ऐकायला नाही म्हणून तुला सांगतो. त्यानं मला झिडकारून एकट्यानं जायला हवं होतं. एवढ्या लाडाच्या पोरीचा हक्क दुसऱ्याच्या जिभेवर ठेवून जातं का कुणी? भले तो भाऊ असो. भाऊ चांगला असतो, पण त्याला मुलगा असतो, मुलाचं लग्न असतं. मी वाईट माणूस नाही गं. पण मला वाईट व्हायला जागा मिळाली, आणि मी झालो.

आता पुढचं. हे पत्र जपून ठेव, कारण हेच माझं म्हणणं आहे. वकीलबाईंनी सांगितलं, तारीख घालून, स्वतःच्या हातानं लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करा, प्रतिज्ञापत्र मागाहून करू. येत्या शुक्रवारी नमाजनंतर मी जियारतीला आलेल्या सगळ्यांना बोलावलंय. ज्यांच्यासमोर नाही म्हणालो, त्यांच्यासमोरच हो म्हणणार. तू आणि भाभी आलात तर तुमच्यापुढे, नाही आलात तरी बोलणारच. परत राहायला या असं म्हणायचं तोंड मला नाही. खोल्या तुझ्या आहेत, राहा, भाड्यानं दे, कुलूप लाव. भाभींचा हिस्सा त्यांच्या नावावर वेगळा लागेल.

तोहिदला परवा सांगितलं. तो म्हणाला, "मग आम्ही कुठं जायचं अब्बा?" तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. जेवतो, दुकान उघडतो, बोलत नाही. बोलेल. आणि नाही बोलला तरी हे पत्र जाणारच.

एक साक्षीदार मिळालाय, समोरच्या चहागाडीचा गुंडू पाटील. सही करताना म्हणाला, "कुणाला जामीन राह्यलाय व्हय चाचा?" मी म्हटलं, माझ्या भावाला. दुसऱ्याची जागा मोकळी सोडून ठेवतोय. आज गल्लीत कुणी दिसेना, उद्या कुणाला तरी धरून सही घेतो आणि पोस्टात टाकतो.

माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं. ते तुझ्याकडे मागायचं, तर आधी माझ्याकडचं देऊन मोकळं व्हायला हवं.

भाभींच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळ. तू जेवत जा वेळेवर.

भाईचं बोलणं ज्यानं एकट्यानं ऐकलं आणि सात महिने दाबून ठेवलं, तो तुझा चाचा,
अझीम इस्माईल नदाफ

साक्षीदार
१. गुंडू पाटील
२. तोहिद अझीम नदाफ

आपा, पत्र गल्ल्यावर होतं, वाचलं. सही मी माझ्या मनानं केलीय, अब्बांना अजून म्हाईत न्हाय. वरचा माल सगळा खाली आणलाय. भिंतींना रंग मारून घेतो, कुठला मारायचा तेवढं सांग.