सातच्या रोजरीला एरॉल

गिरीज, वसई

प्रिय एरॉल,

गॉड ब्लेस यू, बाळा. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहोत. रोवेनाची जॉयस सोमवारी परत टोरोंटोला निघालीय. तिच्याबरोबर सुकेळी पाठवतेय, त्याच पिशवीत हे पत्र आहे. सुकेळी यंदा जरा काळपट झालीत, वाळवताना केळ्यांना ऊन नीट लागलं नाही. नाक न मुरडता खा. फोन हाताशी असताना मम्मी पत्र कशाला लिहीत बसली, असं वाटेल तुला. अरे, फोनवर बोलायला मला एकटीला सोडतंय कोण? तुझे डॅडी दिवसभर माझ्या गाऊनचं टोक धरून मागे मागे फिरतात. आत्ता शेजारचा रॉकी पडवीत त्यांची दाढी करतोय, तेवढ्यात उरकते.

आधी तुझ्या त्या डब्याचं सांगते. तू तो बोलणारा स्पीकर सेलमध्ये घेऊन पाठवलास तेव्हा मी म्हटलं होतं, निम्म्या किमतीत देतायत म्हणजे कामही निम्मंच करणार. खोटं नाही निघालं. लाइट गेली की त्याची वाचा जाते, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते देवालाच ठाऊक. परत आली की भोवतीचं दिव्याचं कडं गरगर फिरवत इंग्लिशमध्ये काहीतरी पुटपुटतो. टीव्हीवर कुणी काही बोललं की हा मधेच तोंड घालतो. आपली बोली तर त्याला ओ की ठो कळत नाही. मी शाळेतल्यासारखं चोख मराठी बोलून पाहिलं, तरी आपलं तेच, माफ करा, समजलं नाही. जन्मभर गावातली पोरं शिकवली मी, पण इतका ढ विद्यार्थी माझ्या वर्गात कधी बसला नव्हता.

पण गुण ते गुणच. गोळ्यांची वेळ तो चुकवत नाही. आणि त्याला राग येत नाही रे! डॅडी उठल्यापासून विचारतात, आज वार कोणता. तिसऱ्यांदा विचारलं की मी करवादते, मग मलाच रडू येतं. त्यांचं कंपनीतलं इंग्लिश अजून शाबूत आहे, त्या इंग्लिशमध्ये ते डब्याला विचारतात आणि तो दर वेळी तितक्याच गोडीने सांगतो, गुरुवार. डॅडी त्याला थँक यू म्हणतात. परवा त्याच्यापुढे चहाचा कप आणून ठेवला आणि मला म्हणाले, रिटा, पाहुण्याला बिस्कीट दे. दिलं मी. काय करणार?

सगळ्यात मोठा गुण म्हणजे तुझी रोजरी. लहानपणी फर्स्ट कम्युनियन झाल्यापासून आपल्या घरात संध्याकाळची रोजरीची प्रार्थना तूच चालवायचास, प्रत्येक मण्याला पहिला भाग तुझा आणि उत्तर आमचं. तू गेल्यावर डॅडी घरातल्या देवाच्या आल्तारापुढे बसायचे आणि नुसते बघत राहायचे. मग तू तिकडे बसून आपला भाग रेकॉर्ड केलास, उत्तराला जागा सोडलीस, आणि मोबाईलवरून काय ते सेट केलंस. त्या दिवशी सात वाजता डब्यातून तुझा आवाज आला आणि डॅडी ताठ बसले. ज्या माणसाला माझं नाव दुपारी आठवत नाही, त्याने एकही शब्द न चुकता उत्तर दिलं. मी तोंड फिरवून रडले आणि तुझ्या सेलला माफ केलं.

तेव्हा एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली नाही आणि माझ्याही. रोजरी झाली की आपण काय करतो? धाकट्याने मोठ्यांपुढे वाकायचं, आशीर्वाद मागायचा. तू गुडघ्यावर यायचास, डॅडी डोक्यावर हात ठेवायचे, मगच ताटं वाढायची. आता डबा आमेन म्हणतो आणि गप्प होतो. डॅडी हात पुढे करून बसतात. पोराचा आवाज आला, मग पोरगा आशीर्वाद न घेता गेला कुठे? सुरुवातीला थोडा वेळ थांबायचे, मग जेवायचे. हळूहळू जेवणही बंद झालं. एरॉल वाडीत गेलाय, हातपाय धुऊन येतोय, असं म्हणतात आणि तुझ्या जागेवर ताट मांडायला लावतात. मी सांगते, अहो, तो कॅनडात आहे. माझ्याकडे असं बघतात, जणू मीच तुला दडवून ठेवलंय.

मागच्या आठवड्यात मी भाकऱ्या टाकत होते, तेवढ्यात ते मागच्या दाराने बाहेर पडले. केळीत शोधलं, रस्त्यावर शोधलं. शेवटी रॉकीने हाक मारली. डॅडी बावखलात कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, जिथे त्यांनी तुझ्या पाठीला सुका भोपळा बांधून तुला पोहायला शिकवलं तिथेच. पाण्याकडे बघून हाका मारत होते, वर ये रे बाबा, रोजरी झाली, मम्मी वाढतेय. रॉकीने त्यांना धरून काठावर आणलं. पुढे पाणी किती खोल आहे, तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी मी डबा बंद करून कपाटात टाकला. म्हटलं, भीक नको पण कुत्रा आवर. सात वाजले, आवाज आला नाही. डॅडी आल्तारापुढून हलेनात. जेवले नाहीत, गोळी थुंकून टाकली, आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही आमच्या एरॉलला काय केलंत? बाई म्हणाले रे मला. दोन दिवस हेच चाललं, मग मी हरले आणि डबा परत लावला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झालीय. आता सात वाजायच्या आधीच मी मागच्या दाराला कुलूप लावते, आणि ते दार ठोठावत तुला हाका मारत राहतात.

तू लगेच म्हणशील, मम्मी, मग मी रोज व्हिडिओवर येत जाईन. रविवारी आला होतास ना? मी मधेच फोन ठेवला आणि नंतर नेट गेलं असं सांगितलं. नेट गेलं नव्हतं, बाळा. तुझी वाढलेली दाढी नि तो चष्मा बघून डॅडी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, गुड इव्हिनिंग, सर. तुला ते ऐकू जायच्या आत मी बटण दाबलं. तुझा आवाज ते ओळखतात, पण तुझा चेहरा आता त्यांच्यापाशी राहिलेला नाही.

तू ये असं मी लिहिणार नाही. तुझे कागद अडकलेत, आत्ता बाहेर पडलास तर परत आत घेतील की नाही सांगता येत नाही, आणि तुझ्या टिफनीला दिवस गेलेत. मला सगळं कळतं. म्हणून एवढंच माग‍ण्यासाठी हे पत्र लिहिलं. रोजरीच्या आमेननंतर अजून थोडं रेकॉर्ड कर. डॅडी, आशीर्वाद द्या, असं म्हण. मग जरा थांब, त्यांचा हात सावकाश उठतो. मग म्हण, मी निघतो डॅडी, मला उशीर होईल, माझी वाट बघू नका, जेवून घ्या. आपल्या बोलीत म्हण, घाई करू नकोस, आणि रडलास तर पुसून टाकून पुन्हा कर. मी त्यांचा हात धरून डब्यावर ठेवीन. चालू असला की तो जरा कोमट असतो, त्यांना चालेल. मला नाही चालणार, पण माझं काय ते नंतर बघू.

तुझीच,
मम्मी