मगनची कोथिंबीर

उधना, सुरत
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
शकूचा शि. सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे. गाठ तुझ्या सुनेकडून, अमृताकडून मारून घे, कारण यंदा मी अमळनेरला येत नाही. कारण वाचून तू हसणार, तेव्हा आधी हसून घे आणि मग पुढे वाच. मगन आजारी आहे.

मगन म्हणजे आमच्या धनश्रीचा गिनी पिग. दिवाळीत तू ज्याला शेपूट तुटलेला उंदीर म्हणालास, तोच. नात बडोद्याला शिकायला गेली, हॉस्टेलात जनावर चालत नाही, म्हणून जाताना त्याला माझ्या मांडीवर ठेवून गेली आणि बजावून गेली की आजी, याच्याशी बोलत जा. जन्मभर म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत न ऐकणाऱ्यांशी बोलले. हा कान टवकारून ऐकतो, त्यामुळे लळा लागला.

आठवडा झाला, मागचा पाय ओढतो. उचललं की किंचाळतो. केस पिंजारलेत, खाणं जवळजवळ थांबलंय. इथल्या एका डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघितलं आणि सांगितलं की याचं वय झालं, आता उगीच हाल करू नका. माझा तुषार हजीऱ्याच्या प्लांटमधून दमून आलेला, त्यानेही मान डोलावली. मी त्याला सांगितलं की वय झालं की सोडून द्यायचं, असा नियम या घरात लावायचा असेल तर सुरुवात माझ्यापासून कर.

सुनेने मात्र बँकेतून येताना बिनसुईची सिरिंज आणली. अपर्णा बोलते कमी, करते जास्त. मगनच्या खाण्याच्या कोरड्या गोळ्या येतात, त्या भिजवून, कुस्करून, त्याला जुन्या पंच्यात गुंडाळून गालाच्या कडेने थोडं थोडं घालते. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या पदरावर. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. ते उतरतंच आहे, आणि का ते कुणाला सांगता येत नाही.

तुझी छाती कशी आहे? तुझ्या बायपासच्या वेळी मी देवापुढे पाणी सोडलं होतं की आषाढीपासून कार्तिकीपर्यंत या घराच्या उंबऱ्याच्या आत पालेभाजीचं पान येणार नाही. ते कडक चालू आहे. कोथिंबीर, कढीपत्तासुद्धा नाही. भाजीवाला बन्सीलाल सवयीने पिशवीत फुकटची कोथिंबीर टाकतो, तीही मी त्याच्या लारीवर परत ठेवते. आमटी अळणी लागते म्हणून तुषार कुरकुरतो. कुरकुरू दे, मामाच्या जिवापुढे आमटी काय.

लोभ आहेच, तो कोरडा पडू देऊ नये.
तुझी शकू


अमळनेर
७ ऑगस्ट २०२५

चि. शकुंतलेस अ. उ. आ.

राखी पोचली. सख्ख्या भावाला टाकून उंदराची सेवा करणारी बहीण आख्ख्या खानदेशात मला एकट्यालाच मिळाली आहे, याचा अभिमान वाटतो. आम्हीही रेल्वेच्या गोदामात उंदरांना औषध घालायचो, पण ते निराळं.

थट्टा सोड. कडोदऱ्याच्या बाजूला अजून थोडी शेतं असतील, तिथे नेऊन सोड त्याला. ज्याचं आयुष्य सरलं त्याला धरून ठेवू नये. धनश्रीला म्हणावं, पळून गेला.

माझी छाती ठणठणीत आहे. हे तुझ्या व्रताचं पुण्य आणि माझ्या श्रावणाचं. सोमवार, शनिवार, एकादशी, सगळं निराहार चाललंय. बायपासनंतर उपास कसले, म्हणून पोरगा ओंकार ओरडतो. पण बहिऱ्यापुढे ओरडून उपयोग काय? कानाचं यंत्र मी लावणार नाही. ते लावलं तर तू फोन करशील आणि तुझी पत्रं बंद होतील.

ओंकार-अमृता मजेत. तुझ्या गुडघ्याला जप. माया होती तशीच आहे, उंदीर आडवा आला तरी.
तुझा दादा


उधना, सुरत
११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
शकूचा शि. सा. न. वि. वि.

मगनला मी कुठेही सोडलेलं नाही. उलट दुसरीकडे नेलं. अपर्णाच्या बँकेतल्या मैत्रिणीने पलसाण्याच्या रस्त्यावरची एक डॉक्टरीण सांगितली. बघते गाई-म्हशी, पण घरी ससे पाळते. अपर्णाने अर्धी रजा टाकली, मी स्कूटरवर मागे टोपली मांडीत धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडून बघितलं तर हिरड्या सुजलेल्या, रक्त आलेलं. खायला काय देता, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की वाळकं गवत आणि पिशवीतल्या गोळ्या, सगळं स्वच्छ. हिरवं काय देता, असं विचारल्यावर मी म्हटलं की आमचा चातुर्मास चालू आहे. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दादा, या जातीच्या अंगात क जीवनसत्त्व तयारच होत नाही. ते रोज ताज्या हिरव्यातून मिळावं लागतं. गोळ्यांत घातलेलं असतं, ते पिशवी जुनी झाली की उडून जातं. मगनला वयाने काही झालेलं नाही. त्याला स्कर्व्ही झाली आहे. क जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही, हिरड्यांतून रक्त, सांधे दुखणे, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देत आले. आणि माझ्याच घरात एका मुक्या जिवाला मी महिनाभर पुण्य म्हणून उपाशी मारलं. परत येताना स्कूटरवर मला रडू आवरेना. अपर्णाला वाटलं गुडघा दुखतोय.

बाईंनी थेंब दिलेत, ते तो थुंकतो. तिथेच ढोबळी मिरची पुढे केली, तोंड फिरवलं. बाईंनी बजावलंय की सिरिंजवर फार काळ निभणार नाही. स्वतःच्या दातांनी चावून खाल्लं नाही तर पोट बंद पडेल आणि मग काही करता येणार नाही. तेव्हा येताना तशीच बन्सीलालच्या लारीपाशी उतरले आणि कोथिंबिरीची जुडी मागितली. बन्सीलाल माझ्याकडे बघतच राहिला. दारात आल्यावर उंबऱ्याशी जरा थांबले. मग गेले आत.

मगनने आधी नुसता वास घेतला. मग एक काडी ओढली आणि चावायला लागला. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

आता मोडलं ते मोडलं. मी कुठे खाते, जनावर खातं, असा सोयीचा अर्थ मला लावता येतो, पण लावणार नाही. पान आत आणायचं नाही असा संकल्प होता. मी ते आणलं आणि रोज आणणार. तुला काही होऊ नये अशी देवाला विनंती केली आहे, आणि जाब विचारायचा तर मला विचार, असंही सांगून ठेवलंय.

तुला राग येईल. तरी लोभ ठेव.
शकू


अमळनेर
१६ ऑगस्ट २०२५

श्रीमती शकुंतलाबाई यांस,
न. वि. वि.

पत्र पोचलं. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा ओंकारने माझ्या कानात ओरडून सांगितलं होतं की आत्याने तुमच्यासाठी पाणी सोडलंय. त्या भरवशावर मी आत गेलो. ते पाणी तुम्ही एका उंदरासाठी परत घेतलंत.

कालपासून छातीत जड वाटतं. ती पानं घराबाहेर काढा, प्रायश्चित्त काय ते गुरुजींना विचारा आणि संकल्प पुन्हा करा. तोवर पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

कळावे.
चंद्रकांत


उधना, सुरत
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. अमृतास अ. उ. आ.

काल ओंकारचा फोन आला की दादाला जळगावला हलवलं, आयसीयूत आहे. मी लगेच निघते म्हटलं तर म्हणाला, आत कुणाला सोडत नाहीत, आता येऊ नकोस. मग जरा घुटमळला आणि म्हणाला की इथे सगळे त्या कोथिंबिरीचंच बोलतात, बाबा घरी येईपर्यंत तेवढी बंद कर. माझ्या भाच्याने मला आजवर काही मागितलं नव्हतं. संध्याकाळी तुषारनेही तेच सांगितलं, वर हेही म्हणाला की मामाला काही झालं तर लोक तुझं तोंड बघणार नाहीत.

अमृता, मी घाबरलेय. लपवून काय करू? आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. वेणी घालायला दादाच शिकला, आणि पोरं चिडवायची तरी रोज घालून द्यायचा. त्याला काही झालं तर मी कुणाला दादा म्हणू?

तरी आज सकाळी मगनला कोथिंबीर दिली. ती बंद केली तर तो मरेल, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. ती दिली तर दादा मरेल, असं मला एकाही डॉक्टराने सांगितलेलं नाही, भावकीने सांगितलंय. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला आयुष्य देणारा देव मी कधी पुजलेला नाही. तसा कुणी असेल तर त्याने दुसरं घर बघावं. हे तुषारला ऐकवलं तेव्हा तो उठून गेला. अपर्णाने जुडी निवडून, धुऊन, फडक्यात बांधून ठेवली.

ओंकार माझ्याशी जपून बोलतो, ते मला कळतं. तू मात्र डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही. वाईट असलं तरी लिही.

तुझी माया माझ्यावर आहे, ती या दिवसांत सोडू नकोस.
आत्या


अमळनेर
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

बाबा काल घरी आले. धोका टळलाय. आधी ते वाचा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

पुढचं तुम्हाला सांगायचं नाही, असं बाबांनी ओंकारला आणि मला शपथ घालून बजावलंय. सांगणार नाही, असं मी कबूल केलं. लिहिणार नाही, असं कुणी वदवून घेतलेलं नाही.

भरती केलं त्या दिवशीच डॉक्टरांनी बाबांच्या कानाशी येऊन विचारलं की गोळ्या रोज घेत होतात का. बाबा हो म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तर बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की मी रोज रात्री पाण्याच्या भांड्याशेजारी काढून ठेवते. मग बाबांनीच ताठ मानेने सांगितलं की गोळी जेवणानंतरची आहे, उपासाला जेवण नाही, म्हणून त्या दिवशी गोळी नाही. सोमवारी नाही, शनिवारी नाही, एकादशीला नाही. श्रावणभर असंच चाललं होतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हे दुखणं तुम्ही स्वतः ओढवून आणलंत.

आत्या, बाहेर सगळे तुमच्या नावाने बोटं मोडत होते. बाबांना ऐकू येत नसलं तरी कळत होतं, आयसीयूतून बाहेर आणल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण खुणा करून तेच सांगायचा. बाबा नुसते डोळे मिटून घ्यायचे. घरी आल्यावर मी म्हटलं की आत्यांना कळवूया, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले की राहू दे, आहे ते बरं आहे.

मी सून आहे, मला यापुढे बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

मगनची तब्येत जरूर कळवा. आशीर्वाद कमी पडू देऊ नका.
अमृता


उधना, सुरत
२८ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
शकूचा सा. न. वि. वि.

नमस्काराच्या आधीचं 'शि.' या वेळी मुद्दाम गाळलं आहे. पत्र नको म्हणाला होतास, तरी लिहिते. आणि अमृताला याबद्दल चकार शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

रोज सकाळी मगनपुढे पानं ठेवताना मी आधी तुझं नाव घ्यायचे. फोन वाजला की तो अपर्णाला उचलायला लावायचे. स्वतःच्या पोराने मला सांगितलं की लोक तुझं तोंड बघणार नाहीत. आणि हे सगळं चालू असताना खरं कारण तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्या उपासांची तू फुशारकी मारलीस त्यांनीच तुला पाडलं, हे चारचौघांत सांगायची तुला लाज वाटली. त्यापेक्षा बहिणीच्या माथी मारणं सोपं गेलं. दादा, इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. आणि तू घरी आलास हे वाचून मी देवापुढे बसून जितकी रडले, तितकीही कधी रडले नव्हते. दोन्ही खरं आहे.

चूक माझीही झाली होती. ती मला डॉक्टरीणबाईंनी सांगितली आणि त्याच पावली मी बाजारात उतरले. तुला तुझी सांगितली, तर तू डोळे मिटलेस. आपल्या दोघांत फरक आहे तो एवढाच, वयाचा नाही.

मगन आता सिरिंजशिवाय खातो. वजन चढतंय. पाय थोडा ओढतो, तो ओढेल बहुतेक कायमचा. काल गणपतीच्या दूर्वांची जुडी पाटावर ठेवली होती, त्यातल्या निम्म्या त्याने फस्त केल्या. तुषार ओरडला. उरलेल्या मी गणपतीला वाहिल्या.

मगनला आता अपर्णा बघेल. मी बुधवारी येते. त्या दिवशी एकादशी आहे, म्हणून मुद्दाम बुधवार धरला. जे जे माझ्या नावाने बोलत होते त्या सगळ्यांना जेवायला बोलाव. मी मेथीची भाजी आणि भाकरी करणार आहे. पंगतीत तू पहिल्या पानावर बसशील, गोळी कुणी चुकवली ते तुझ्या तोंडाने सांगशील, मग पोटभर जेवशील आणि सगळ्यांदेखत ती गोळी घेशील. मीही तुझ्या शेजारी ताट मांडून मेथी खाणार आहे. पाप लागेल म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नकोस. पाप लागायलासुद्धा माणूस जिवंत असावा लागतो.

लोभ ठेव. राग ठेवलास तरी चालेल, पण गोळी घे.
तुझी शकू