हळूहळू उघडणारा फोटो

१० फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा तेच! लग्नाचा अल्बम उघडत नाही. गोरक्षच्या स्टुडिओची वेबसाइट मी बनवली, म्हणून कुणाचाही फोटो अडकला की फोन मलाच. छोट्या फोटोवर बोट ठेवलं की मोठा उघडायला हवा. पण हा कॅमेऱ्यातले अवजड फोटो तसेच चढवतो. वर मलाच — "तेजल, क्वालिटी उतरवायची नाही हं!" बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
तक्रार शुभांगीची, म्हणजे नवरीचीच. आज स्वतः बोलली. सासरी अंबडला सगळं उघडतं म्हणे. माहेर विंचूरच्या पुढे, वस्तीवर. तिथे धड रेंज नाही. "आई दिवसभर एकच फोटो उघडत बसते हो. अर्धा येतो, थांबतो. मला बघवत नाही."
मान धरलीय. स्वयंपाक राहिला. नवऱ्याने काही न बोलता खिचडी टाकली — तेही टोचलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
फोटो हलके केले, तर चेहरे फाटले. पुन्हा. फेट्यांचा केशरी रंग विटला. पुन्हा. वीट आला या लग्नाचा! ओळखीचं कुणी नाही, तरी सगळे वऱ्हाडी पाठ झालेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जमलं! बोट ठेवलं की अख्खा फोटो समोर. वस्तीवरसुद्धा. शुभांगी — "थँक्यू ताई!" गोरक्षचा नुसता अंगठा. आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी शुभांगीच्या आईचा फोन. सुलाबाई.
"ताई, तो यांचा फोटू पहिल्यासारखा करता येईल का?"
"आता काय बिघडलं त्याला?" — खेकसलेच मी.
"बिघडलं नाय काही. लय झटकन येतो आता. पहिले कसा वरून हळूहळू यायचा... आधी फेट्याचा तुरा. मग कपाळ. मग डोळं."
मी अल्बममध्ये नवरीच्या वडिलांचा फोटो काढला.
"पोरीचं लग्न झालं न् पंधरवड्यात गेले ना हे. तुरा दिसला की मी उठायची. मिशा येईस्तोवर चहा ठेवून व्हायचा माझा."
"बघते" म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
तो एक फोटो पुन्हा जड केला. गोरक्षला सांगितलं नाही.