दुपारी कुंपण ओलांडणारी सावली

थोरल्या वन्सं सबोहतबाईंना,

धाकट्या भावजयीचा, मोहशरीफचा, छातीवर हात ठेवून सलाम. गुडघे कसे आहेत? चहात अजून चोरून साखर घालता का? (जावयाला सांगत नाही.) इकडं दोन शेळ्या आणि माझं तोंड, सगळं खणखणीत चाललंय.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात आणि "तुझं परसू म्हणजे तंदूर आहे, मला काय नान समजतेस?" म्हणून दुसऱ्याच दिवशी खोजंदला परत गेलात. ते मला लागलं. तुमचा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, त्याच्या माणसांतलं माझ्याकडं येणारं तुमच्याशिवाय कोण आहे? तेव्हा म्हटलं, मागच्या उतारावर मांडव घालायचाच. द्राक्षाला तीन वर्षं लागतात, तुमच्या गुडघ्यांचा काय भरवसा, म्हणून भोपळा लावला. पहिलं पाणी सोडलं तर बिया, खत आणि माझी एक चप्पल, सगळं वाहत खाली कुर्बोन सुताराच्या अंगणात! (चप्पल त्यानं धुऊन, टाचेला खिळा मारून परत केली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, माणसाला काही उद्योग नको का?)

मग मांडव उभारायला मदतीला गाव बोलावून हशर केला. घाम त्यांचा, पुलाव माझा. सकाळी सहालाच सगळे हजर. कुर्बोननं विचारलं, "वहिनी, खांब कुठं रोवू?" माझं तोंड कढईत, मी पळीनंच दाखवलं, "तिथं, पूर्वेच्या कडेला." वर गोधड्या टाकून पाहिलं, तर काय सावली! अख्खं परसू गार. म्हातारे आडवे झाले, दुवा दिल्या, मी मान ताठ करून मिरवले. दुपारी ऊन पश्चिमेला कललं तशी सावली उठली, कुंपण ओलांडून उतरली ती थेट कुर्बोनच्या बाजेवर. माझा तंदूर होता तसाच. शेजारची ओयमो म्हणाली, "अगं, लेक सासरी धाडावी तशी सावली धाडलीस की!"

आता पुन्हा लावलेला वेल मस्त फोफावलाय. सकाळी सावली माझ्याकडं, पण सकाळी ती हवीय कुणाला? म्हणून दुपारी किटली घेऊन मी खाली जाते. मांडव माझा, हक्क कसा सोडू? कुर्बोन सरकून जागा देतो, जर्दाळू फोडून ठेवतो. गाव बोलतं. बोलेना का, पुलाव खाल्लाय त्यांनी.

तुमचीच,
मोहशरीफ

ता.क. या बघू. सावलीत बसवीन. थोडं खाली उतरावं लागेल इतकंच.

आणखी ता.क. गुरुवारी कुर्बोनच्या बहिणीनं फडक्यात बांधून मागणीचे दोन नान पाठवलेत. होकाराचा नान घरातल्या थोरल्यानं मोडायचा, आणि या घरात थोरल्या तुम्हीच. भावाच्या आठवणीनं तुमचा हात अडला तर तसेच परत पाठवीन, शपथ. पण वन्सं, नान वाळायला लागलेत.

शेवटचं ता.क. पन्नास वर्षं याच डोंगरावर काढली. सूर्य कुठं मावळतो ते मला ठाऊक नव्हतं, असं खरंच वाटलं की काय तुम्हाला?