बाबल्याला पाणी

२ मार्च १९५४
बाबल्या सुटला! भागोजी गावकर दारच्या खळ्यात उभे राहून सांगून गेले. काल पालीला गाडीतून उतरला, तिथून चालत आला म्हणे. माझ्या हातातलं सूप पडलं, तांदूळ सगळे मातीत.

आमच्या दोन घरांमधल्या गडग्याच्या चार दगडांवरून ह्यांच्या मानेवर कोयता घातला होता त्याने. सखाराम तेव्हा केवढासा, माझ्या पदराला धरून उभा. सगळं बघत होता. आता त्याला मिशी फुटली.

३ मार्च
डोळ्याला डोळा नाही. गडग्यापलीकडे तो खोकतो ते इथे ऐकू येतं.

५ मार्च
गावपुढारी म्हणून भागोजी नि शाळेचे मास्तर आले. आमच्या गावची रीत — खून करून तुरुंगातून आलेल्याने त्या घरच्या उंबऱ्याशी यायचं. घराने पाणी दिलं तर तो गावात मिळाला. मग त्या घरानेही त्याच्यावर हात उचलायचा नाही, देवाची आण. नाही दिलं तर त्याच्या चुलीला कुणी विस्तव देत नाही. आता वाळीत टाकायला कायदा आड येतो, म्हणून भागोजी शहाणे झालेत! "आम्ही काय बोलणार? वहिनी म्हणतील तसं. शिमग्याची पालखी घरोघर निघायच्या आत काय ते सांगा." म्हणजे शिक्षा मी द्यायची!

मास्तर म्हणाले, "तो तिकडे सतरंज्या विणायला शिकला, वाचायला शिकला. शिक्षा माणूस सुधारायलाच असते."

भागोजी उसळले, "सुधारतोय कसला! धाक हवा. नायतर उद्या जो तो गडग्यासाठी कोयता काढील."

सासूबाई आतून ओरडल्या, "तुमचा धाक नको नि सुधारणा नको! माजा पोर खाल्लान त्यानं. त्याचा जीव जळाया होवा, माजा जळतो तसा!"

तिघांचंही पटलं. हीच तर पंचाईत.

८ मार्च
सखाराम पडवीत निजतो. उशाला कोयता. विचारलं तर म्हणे, "असू दे गो आये." दुपारी कोयत्याला धार लावत बसतो नि नजर सारखी गडग्यापलीकडे. अगदी बापावर गेलाय — राग पोटात ठेवायचा.

आई जगदंबे, ह्या पोराला फासावर बघायचं का मी?

११ मार्च
तो आत होता तेव्हा वाटायचं, चला, ह्यांच्या जिवाचं काहीतरी मोल झालं. आज तो बाहेर आला नि मी मोजायला बसले तर हाती काय? हे काही परत आले नाहीत. सरकारने शिक्षा दिली ती कुणासाठी, कशासाठी, मला कुणी विचारलं नव्हतं. आता सगळे मलाच विचारतात!

मी बाबल्याला क्षमा केलेली नाही. करणारही नाही. पण पाणी देईन. पाणी दिलं की आण पडते, सखारामचा हात बांधला जातो. मला माझा मुलगा हवा. बाकी धाक नि सुधारणा गेली चुलीत.

१२ मार्च
विहिरीवर बाबल्याची बायको काशी भेटली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच बोलले तिच्याशी. "त्याला सोमवारी सकाळी पाठव. सखाराम बाजाराला जाईल तेव्हा. कुणाला बोलू नको." ती कळशी टाकून माझ्या पायाशीच बसली. मला मेलीला तिचा रागही येईना.

सखारामला सांगितलं नाही. कळलं तर वाटेतच गाठील त्याला. आधी पाणी, मग सांगेन. मग काय आदळआपट करायची ती करू दे.

१५ मार्च, सकाळ
सखाराम नारळ घेऊन पालीला गेला. निघताना दोनदा मागे फिरला, "आये, दार लावून बस हां." लावते म्हटलं. सासूबाई देवळात. तांब्या भरून ठेवलाय. गडग्याकडे पावलं वाजतायत — आला वाटतं.

१८ मार्च
सखाराम अर्ध्या वाटेतून परत आला होता. मला एकटीला टाकून जाववेना त्याला. खळ्यात बाबल्या उंबऱ्याकडे येताना दिसला, मी दारात. मी ओरडले, "थांब, मीच बोलावलंय!" — तोवर सखारामने कोयता घातला होता. तांब्या माझ्या हातातच.

पोलीस नेत होते तेव्हा लहान पोरासारखा रडत होता. "आये, तो तुला माराया आला असं वाटलं गो! तो आला त्या दिवसापासून मी भ्यायलो होतो."

भ्यायला होता! आणि मी त्याला सूड समजत बसले.

रीत तीच आहे. सखाराम सुटून आला — आला तर — पाणी काशीने द्यायचं. आज तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत ती होती. दार उघडलं नाही.