पंचेचाळिशीच्या आत

९ मार्च

नोटीस बोर्डावर कागद लागलाय! लिफ्ट मेकॅनिकच्या प्रशिक्षणासाठी दोन जागा, कंपनीतल्याच माणसांसाठी. वय पंचेचाळिशीच्या आत. मी चव्वेचाळीस वर्षं दहा महिने. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अर्जाची शेवटची तारीख वीस.

सतरा वर्षं तक्रार विभागात फोन घेतेय. लिफ्ट अडकली, दार लागत नाही, कुत्रं आत आणि मालक बाहेर — सगळं ऐकून झालंय. चिठ्ठी लिहायची, मेकॅनिकला पाठवायची, संपलं. पुढे तो काय खोलतो, काय बसवतो, मला कधी दिसतच नाही. आज एका आजीबाईंना म्हटलं, आवाज कसा येतो ते तोंडाने काढून दाखवा. आधी लाजल्या. मग असा काही किर्रर्र काढला की शेजारच्या टेबलावरची दचकली! चिठ्ठीत लिहिलं — दाराखालची पट्टी घासतेय. पट्टीच निघाली.

१० मार्च

नवऱ्याला सांगितलं. "तू? पंखा पुसायचा तरी मला स्टूल धरायला लावतेस!" जेवताना एक शब्द बोलले नाही त्याच्याशी.

१२ मार्च

नोकरीत बदल हवा असणाऱ्यांसाठी कंपनीने एक सल्लागार बाई बोलावल्यात. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलायला गोड. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, "गच्चीवरच्या मशीन रूममध्ये." तिने चष्माच काढला. "पण तुमचं बलस्थान बोलणं आहे. टीम लीडर व्हा ना!" टीम लीडर म्हणजे काय, तर फोन दुसऱ्यांनी घ्यायचे आणि मी त्यांच्यावर डाफरायचं. नको गं बाई!

एक मात्र कामाचं सांगितलं. कोणी न विचारता तुम्ही कशाबद्दल बोलत सुटता, ते घरी जाऊन लिहून काढा. लिहायला बसले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, सगळ्या लिफ्टच! नवरा डोकावून गेला.

१४ मार्च

अर्जावर मास्तरांची शिफारस लागते. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. सतरा वर्षं माझ्या चिठ्ठ्या त्यांच्याकडेच जातात. मला वाटलं होतं, हसत हसत सही करतील. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"हे काम तुमचं नाही, ताई."

"का? बाईमाणूस म्हणून?"

"तसं नाही."

"मग वय?"

"फोनवर बऱ्या आहात की तुम्ही!"

जिन्यात येऊन रडले. सतरा वर्षांत हा माणूस मला कधी नाही म्हणाला नव्हता.

१५ मार्च

मास्तरांचा फोन दुसरीला घ्यायला लावला. बसा म्हणावं.

१७ मार्च

सुटी. नवऱ्याने अचानक माळ्यावरून शिडी काढली. "चढ." म्हटलं, हे काय आता? "मशीन रूमला शिडीच असते ना? चढ, मी धरतो." पहिल्यांदा चौथ्या पायरीवर हातपाय गार पडले. दुपारपर्यंत अकरा वेळा वर-खाली केलं. शेवटी त्याला म्हटलं, सोड आता. त्याने सोडली, पण दोन पावलांवरच उभा राहिला. ध्यान आहे नुसतं. फार बरं वाटलं मला.

२० मार्च

शेवटचा दिवस. मास्तर हजेरीला आले तशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "कारण सांगा. पटलं तर अर्ज इथेच फाडते."

म्हणाले, "तुम्ही उठलात तर त्या खुर्चीवरून तुमच्यासारखं खोदून कोण विचारणार?"

"मस्का लावू नका, मास्तर! माझी सतरा वर्षं गेली त्या खुर्चीत. अजून किती बसू?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं. सही केली तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. राग गेला नाही माझा, पण पाच वाजायच्या आत अर्ज आत गेला.

२६ मार्च

प्रात्यक्षिक परीक्षा. शिडी — चढले! सुरुवातीलाच मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. म्हणजे आपण आत असताना कोणी चुकून लिफ्ट सुरू करायला नको. परीक्षक मान हलवत होते.

आणि मग माती खाल्ली. मी लिफ्टच्या आत उभी. परीक्षकांनी चाचणीसाठी आतला इमर्जन्सी फोन वाजवला. मी उचलला आणि तोंडातून धाडकन निघालं, "नमस्कार, तक्रार विभाग! घाबरू नका, आपण कितव्या मजल्यावर अडकला आहात?"

पलीकडून परीक्षक म्हणाले, "बाई, अडकलेल्या तुम्ही आहात."

सगळा मजला हसत होता. मीही हसले, पण घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. गेली जागा.

३१ मार्च

मिळाली!!! पत्र तीनदा वाचलं. नवऱ्याने चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. दोन तारखेपासून मास्तरांच्या हाताखाली. मास्तर तर मास्तर. बघून घेईन.

२ एप्रिल

पहिला दिवस. मशीन रूममध्ये मोटर सुरू झाली. मी म्हटलं, "मास्तर, ही बारीक शिट्टी कसली?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मोटर बंद केली. "मला नाही येत ऐकू, ताई. बोलणं कळतं, बारीक आवाज गेले. तीन वर्षं झाली. तुमच्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, त्यावरच निभावलं. तुम्ही फोनवरून उठलात की माझं बिंग फुटणार, म्हणून नको म्हणत होतो."

मी काय काय मनात आणलं होतं या माणसाबद्दल!

शिट्टी ब्रेकची होती. मी ऐकून सांगत गेले, त्यांनी शिकवत शिकवत माझ्याच हातून नीट करून घेतला. सोमवारी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. आणि साहेबांना सांगायलाही मीच सोबत जाणार. मास्तरांनी नाही म्हणून बघावंच!